दोन बेटांवर उरलेला एकच पक्षी: एकत्र आणायचा की वेगळाच ठेवायचा?

गोदाकाठची मावशी
रविवार, रात्री ९:४०

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन नांदूरमध्यमेश्वरला गेले होते. चापडगावच्या मनोऱ्यावर सकाळी साडेसहाला पोचलो तर तीन कॅमेरेवाले आधीच जागा धरून बसलेले. धुकं इतकं की पाण्यावर वारकऱ्यांचे काळे ठिपके तेवढे दिसत होते. (नवीन सभासदांसाठी: वारकरी म्हणजे पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी. टाळ-चिपळ्यावाले नव्हेत.) धुकं निवळेपर्यंत करायचं काय, म्हणून भाच्याची प्रश्नावली सुरू झाली. नववीत आहे, त्यामुळे प्रश्नांना तोटा नाही.

"मावशी, डार्विनला सापडलेला एक पक्षी आता फक्त दोन छोट्या बेटांवर उरलाय. मग दोन्हीकडचे उचलून एकाच ठिकाणी का नाही सोडत?"

मी पडले शिक्षिका, गप्प बसवेना. म्हणाले, "वेगळे झालेत रे ते आता. मिसळायचे नसतात." त्याने मान डोलावली आणि दुर्बिणीला चिकटला. मला मात्र घरी येईपर्यंत रुखरुख लागून राहिली. हे आपण कशाच्या जोरावर सांगितलं?

त्यानंतर जमेल तसं वाचलं. तो पक्षी म्हणजे गॅलापागोसमधल्या फ्लोरिआना बेटाचा मॉकिंगबर्ड. करड्या-तपकिरी रंगाचा, लांब शेपटीचा, दिसायला आपल्या सातभाईसारखा सामान्य. पण १८३५ मध्ये डार्विन तिथे फिरत असताना 'एका बेटावरचा दुसऱ्या बेटावरच्यापेक्षा वेगळा कसा?' हा प्रश्न त्याला आधी पडला तो या मॉकिंगबर्डांवरून. फिंच पक्षी नंतर प्रसिद्ध झाले, मान खरा यांचा. पुढे माणसांबरोबर उंदीर, मांजरं, बकऱ्या आल्या आणि डार्विन गेल्यावर पन्नासेक वर्षांतच मुख्य फ्लोरिआनावरून हा पक्षी नाहीसा झाला. किनाऱ्याजवळच्या चॅम्पियन आणि गार्डनर या दोन चिमुकल्या बेटांवर तेवढा वाचला. चॅम्पियन दहा हेक्टरसुद्धा नाही, म्हणजे पंचवीस एकरांच्या आतच. आपल्याकडे एखाद्या बऱ्या शेतकऱ्याची एवढी जमीन असते.

आता २०२३ मध्ये फ्लोरिआनावर उंदीर-मांजरं हटवायची मोठी मोहीम झाली आणि पक्षी परत न्यायचे आहेत. चॅम्पियनचे आणि गार्डनरचे डीएनएने एकमेकांपासून वेगळे दिसतात, हे तपासून झालंय. मग न्यायचे कुठले? इथे जाणकार आहेत म्हणून विचारते: वेगळे दिसले की वेगळे ठेवायचे, हा नियम आहे का? की मी पोराला काहीतरी ठोकून दिलं?

---

मुकाट वाचक
रविवार, रात्री ९:५८

जागा धरली. येऊ द्या.

---

द्राक्षबाग
रविवार, रात्री १०:२५

ताई, पक्ष्यांतलं मला काही कळत नाही. नांदूरमध्यमेश्वर घरापासून सात किलोमीटरवर, पण तिथले पक्षी मला बागेवर येतात तेवढेच ठाऊक. बियाण्याची गोष्ट मात्र सांगू शकतो.

आमच्याकडे सहा एकर थॉमसन द्राक्ष. डॉगरिजचा खुंट लावायचा, त्यावर थॉमसनची काडी भरायची. सहा एकरातली सगळी झाडं म्हणजे एकाच वेलीच्या काड्या, खरं तर एकच झाड सहा एकर पसरलंय. म्हणून एकाला डाऊनी (बुरशीचा रोग) आला की सगळ्यांना येतो, कुणी त्यातल्या त्यात तगून राहील असं होत नाही. आणि तरीही सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश ही सगळी थॉमसनच्याच घरातली मंडळी. कुठल्यातरी बागेत एका फांदीला लांब मण्यांचा घड आला, शेतकऱ्याच्या नजरेला पडला, त्याने तेवढीच काडी वेगळी वाढवली.

हे झालं माणसाने निवडून वेगळं केलेलं. तुमच्या बेटांवर निवडणारं कुणी नव्हतं. तिथे पोत्यातल्या मुठीसारखं झालं असणार. मिसळीच्या कडधान्याचं पोतं घ्या: बरीचशी मटकी, थोडे मूग, थोडी चवळी, चार दाणे मसूर. डोळे मिटून दोन मुठी भरा. एका मुठीत मसूर आलीच नाही, दुसरीत चवळी नाही. आता पुढच्या हंगामाला त्या मुठीतूनच पेरायचं आणि त्या पिकातून पुन्हा एकच मूठ ठेवायची. पाच-सात हंगामांनी एकाकडे नुसती मटकी, दुसऱ्याकडे मटकी-मूग. माल वेगळा दिसेल, पण कुणीही सुधारित वाण काढलेलं नाही. जे गेलं ते गेलं, एवढंच.

तुमचं चॅम्पियन-गार्डनर हे सोनाकासारखं वेगळं आहे की मुठीसारखं, ते आधी बघा.

---

कांदेनवमी
रविवार, रात्री १०:४१

लासलगावला कांद्याला भाव नाही आणि इथे परदेशातल्या पक्ष्यांच्या सोयरिकी जुळवताय. चालू द्या.

---

द्राक्षबाग
रविवार, रात्री १०:४४

कांदेनवमीभाऊ, आमच्या चाळीतही कांदा सडतोय. म्हणून झोप लागत नाही, म्हणून इथे वाचतोय.

---

नाशिकरोडची टिटवी
सोमवार, सकाळी ७:५०

द्राक्षबाग, तुमची मूठ मी उद्यापासून व्याख्यानात वापरणार, आगाऊ धन्यवाद. मी मूळची नाशिकरोडची, आता दक्षिणेत पक्ष्यांच्या डीएनएवर काम करते.

तुमच्या मुठीला आम्ही जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतो. फायदा-तोटा काही न बघता निव्वळ नशिबाने जीन टिकतात किंवा गळतात. गळती किती वेगाने होते याचा हिशेब सोपा आहे: एक भागिले प्रजनन करणाऱ्यांच्या दुप्पट. प्रत्यक्षात पिल्लं घालणारे दहाच पक्षी असतील तर दर पिढीला वैविध्याचा विसावा भाग, म्हणजे ५ टक्के जातं. चौदा पिढ्यांत निम्मं उरतं. पाचशे असतील तर दर पिढीला हजारावा भाग, कुणाच्या लक्षातही येणार नाही. 'प्रजनन करणारे' हा शब्द महत्त्वाचा. बेटावर शंभर पक्षी मोजले तरी दरवर्षी पिल्लं घालणारे वीसच असू शकतात, आणि हिशेब त्या विसांवर चालतो.

मॉकिंगबर्डांचं विचाराल तर २०१० मध्ये त्याचा फार छान अभ्यास झाला. डार्विन आणि जहाजाचा कप्तान फिट्झरॉय यांनी १८३५ मध्ये फ्लोरिआनावरून नेलेले नमुने इंग्लंडमधल्या संग्रहालयात अजून आहेत. त्यांच्या पायाच्या तळव्याचा बारीकसा कपचा काढून डीएनए मिळवला आणि आजच्या दोन्ही बेटांशी ताडून पाहिला. मूळ पोत्यातलं वेगवेगळं धान्य दोन मुठींत उरलंय असं दिसलं. म्हणून फ्लोरिआनावर नेताना दोन्हीकडचे घ्या, अशी शिफारस झाली. मावशी, भाच्याचा मुद्दा बरोबर होता. सॉरी.

सगळ्यांना वाटतं हे काम म्हणजे मोठाली यंत्रं. यंत्रं आहेतच, पण सुरुवात कशी होते सांगते. पहाटे जाळी लावायची. चिमणीएवढा पक्षी मुठीत धरायचा, मान दोन बोटांच्या मध्ये. त्याचं काळीज इतकं धडधडत असतं की ठोके मोजता येत नाहीत, तळहाताला नुसती थरथर जाणवते. पंख उलगडून आतल्या बाजूची पिसं ओल्या कापसाने बाजूला सारली की निळसर शीर दिसते. बारीक सुईने टोचायचं, मोहरीएवढा थेंब येतो, तो काचेच्या नळीने उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा. कापूस दाबायचा, कडं घालायचं, सोडायचं. पक्षी उडून जवळच्या फांदीवर बसतो आणि चिडून आपल्यालाच शिव्या घालतो. या कुपीसाठी परवानग्यांचे जे कागद लागतात त्यांचं वजन त्या पक्ष्यापेक्षा जास्त भरतं.

आणि हे सगळं करून एका ठिकाणी (नाव नको) शनिवार-रविवारी वीज गेली, जनरेटर सुरू करायची ज्याची पाळी होती तो गावाला, सोमवारी डीप फ्रीझरखाली पाण्याचं थारोळं. दोन मोसमांचं काम गेलं. मी तेव्हा नवीन होते, जिन्यात बसून रडले होते. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याची अर्धी कुपी दुसऱ्या इमारतीत ठेवते.

---

पंचांगवाले
सोमवार, सकाळी ९:१५

म्हणूनच आपल्या पूर्वजांनी सगोत्र विवाह निषिद्ध ठरवला होता. आज विज्ञान तेच सांगतंय.

---

पिंपळपार
सोमवार, सकाळी ९:३३

पंचांगवाले, आणि मामाची मुलगी चालते ती कुठल्या विज्ञानाने? आमच्या घरात तीन पिढ्या चाललंय. गोत्र वेगळं, आजी-आजोबा तेच!

---

पंचांगवाले
सोमवार, सकाळी ९:४०

तो देशाचार आहे. विषयांतर नको.

---

गोदाकाठची मावशी
सोमवार, दुपारी १:२०

हो, विषयांतर नकोच. टिटवी, चपराक मिळाली, भाच्याला आज सांगते. पण एक शंका. दोन्हीकडचे पक्षी आधीच जवळच्या नात्यात जुळून अशक्त झालेले. दोन आजारी घरांची सोयरीक करून सशक्त मूल कसं होईल?

---

नाशिकरोडची टिटवी
सोमवार, रात्री ८:०५

मावशी, याच प्रश्नावर न्यूझीलंडमध्ये प्रयोग झालाय, तुमच्या शब्दांत 'दोन आजारी घरांचा'.

तिथल्या दक्षिण बेटाचा रॉबिन, लांब पायांचा, छातीकडे पिवळसर, माणसाच्या बुटापर्यंत येणारा धीट पक्षी. १९७३ मध्ये मोटुआरा आणि ऑलपोर्ट्स या दोन बेटांवर प्रत्येकी पाच पक्षी सोडले होते. दोन्हीकडे वाढले, पण सगळे त्या पाचांचीच नातवंडं-पणतवंडं. अंडी न फुटणं, रोगप्रतिकार कमी, असं दोन्हीकडे चालू होतं. मग संशोधकांनी इकडच्या माद्या तिकडे आणि तिकडच्या इकडे नेल्या. निकाल २०१३ मध्ये आले. मिश्र पिल्लं जास्त जगली, त्यांची प्रतिकारशक्ती चांगली निघाली, नरांचं बीजही चांगलं.

कारण काय? दोन्ही घरं आजारी, पण आजार वेगळे. मोटुआराच्या मुठीत एक बिघडलेला जीन पक्का झाला, ऑलपोर्ट्सच्या मुठीत दुसरा. पिल्लाला एक प्रत इकडून, एक तिकडून. इकडची बिघडलेली असली तरी त्या जागी तिकडची धड आहे, काम भागतं. सायकलीचं पुढचं चाक तुटलेलं एक आणि मागचं तुटलेलं एक, अशा दोन सायकली दारात असल्या तर पायी कोण जाईल?

---

कावळोबा
सोमवार, रात्री १०:५०

उत्तम चर्चा. पण थोडं थांबा, इतक्या उत्साहात मांडव घालू नका.

काकापो माहीत असेल. न्यूझीलंडचाच, हिरवा, न उडणारा, रात्री फिरणारा, दोन किलोंच्या वरचा पोपट. १९९५ मध्ये ५१ उरले होते. जवळपास सगळे स्टुअर्ट बेटाच्या वंशाचे. मुख्य भूमीवरचा वंश चालवणारा एकच नर हाती लागला, १९७५ मध्ये फिओर्डलँडच्या कड्यांत सापडलेला. त्याचं नाव ठेवलं रिचर्ड हेन्री. १९९८ मध्ये त्याची तीन पिल्लं झाली आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, नवं रक्त आलं म्हणून.

२०२१ मध्ये जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचून झाले: ३५ स्टुअर्ट बेटाचे आणि १४ मुख्य भूमीवरचे, संग्रहालयांतले. सगळ्यांचा अंदाज असा की बेटावर इतका काळ थोडक्या संख्येने राहिलेले पक्षी वाईट म्युटेशनांनी, म्हणजे जीनमधल्या बिघाडांनी, भरलेले असणार. निघालं उलटं. मुख्य भूमीवरच्यांपेक्षा बेटावरच्यांत घातक म्युटेशनं कमी. समुद्राची पातळी वाढून स्टुअर्ट बेट तुटलं त्याला सुमारे दहा हजार वर्षं झाली. मोठ्या कळपात वाईट प्रत चांगल्या प्रतीच्या पदराआड लपून राहते. छोट्या कळपात दोन वाईट प्रती समोरासमोर येतात, ते पिल्लू मरतं आणि त्याच्याबरोबर त्या प्रतीही जातात. शेकडो पिढ्या असं होत राहिलं की घर झाडून निघतं. झाडलोटीची किंमत मेलेल्या पिल्लांनी मोजलेली असते, ते वेगळं.

म्हणजे रिचर्ड हेन्रीच्या वंशाने नवं वैविध्य आणलं, आणि सोबत लपलेली घाणही थोडी आणली. तरी आणायलाच हवा होता, असं माझं मत. फक्त 'मिसळलं की भलं' हा नियम नाही.

---

द्राक्षबाग
सोमवार, रात्री ११:१०

कावळोबा, म्हणजे मुठीतलं दाणं किडकं होतं ते आपोआप वेचलं गेलं, असंच ना? पण त्याला दहा हजार वर्षं लागली. फ्लोरिआनाला दीडशेच झाली.

---

कावळोबा
सोमवार, रात्री ११:१६

अगदी तेच. दीडशे वर्षांत दाणे हरवतात, वेचले जात नाहीत.

---

डोंगरवेडा सिन्नरकर
मंगळवार, सकाळी ११:००

बेट म्हणजे भोवती पाणीच पाहिजे असं नाही हं. निलगिरीत पंधरा दिवस भटकलो तेव्हा पाहिलेलं सांगतो. चौदाशे-पंधराशे मीटरच्या वर शोला जंगलाचे तुकडे, मध्ये गवत, खाली चहा आणि गरम मैदान. वरचा पक्षी खाली उतरतच नाही. त्याच्या दृष्टीने खालचं कोइम्बतूर म्हणजे समुद्र.

त्या शोल्यांत जमिनीलगत उड्या मारणारा एक निळसर पक्षी आहे. आधी त्याला शॉर्टविंग म्हणायचे. रॉबिन व्ही. व्ही., उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए पाहिला तर पालघाट खिंडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे फार जुन्या काळापासून वेगळे झालेले निघाले. खाली शेनकोट्टा खिंडीपाशी पुन्हा तेच. पालघाट खिंड रुंद किती, तर साधारण ४० किलोमीटर. नाशिकहून निघून घोटीच्या जरा पुढे जाल तेवढी. २०१७ मध्ये या पक्ष्यांना शोलिकोला ही नवी प्रजाती (जीनस) मिळाली, साधं नाव शोलाकिली. त्यातली अगस्त्यमलैकडची एक तर नवी जात म्हणून नोंदली गेली.

इथे माझा मुद्दा. शोलाकिलीत खिंडीच्या दोन बाजूंचे पक्षी उचलून मिसळायला कुणी गेलं तर मी आडवा पडेन. ते मुठीतून सांडलेलं धान्य नाही. वेगवेगळे बियाणेच झालेत.

---

गोदाकाठची मावशी
मंगळवार, दुपारी ३:४५

म्हणजे 'वेगळे आहेत' एवढ्याने भागत नाही, किती काळापासून आणि कशामुळे ते विचारायला हवं. बरं, आपल्याच देशातलं समुद्रातल्या बेटाचं काही उदाहरण? भाचा म्हणतो सगळं न्यूझीलंडचंच का.

---

पिंपळपार
मंगळवार, सायंकाळी ६:३०

न्यूझीलंडचंच का, कारण त्यांच्याकडे उंदीर-मांजरांनी सगळ्यात जास्त वाट लावली आणि त्यांनीच सगळ्यात आधी हिशेब ठेवला.

आपल्याकडचं उदाहरण निकोबारचा मेगापोड. कोंबडीएवढा, मोठ्या पायांचा. अंडी स्वतः उबवत नाही. किनाऱ्यालगत वाळू-पाचोळ्याचा मोठा ढीग रचतो, त्यात अंडं पुरतो, कुजणाऱ्या पाचोळ्याच्या उष्णतेवर पिल्लू तयार होतं. उकिरड्यावर हात ठेवून पाहिला असेल त्याला ही ऊब माहीत आहे. याच्या दोन उपजाती मानतात, सोम्ब्रेरो खाडीच्या उत्तरेकडच्या बेटांवर एक, दक्षिणेला ग्रेट निकोबारच्या बाजूला दुसरी. २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्याचे ढीगच्या ढीग वाहून गेले. संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घसरली असं नंतरच्या मोजणीत आलं.

दुसरा नारकोंडमचा धनेश. अंदमानच्या पूर्वेला जेमतेम सात चौरस किलोमीटरचं ज्वालामुखीचं बेट, जगात हा धनेश तेवढ्याच जागी. त्याला तर दुसरं बेटच नाही. मिसळायचं कुणाशी?

---

अंजनेरी
मंगळवार, रात्री ९:२०

मिसळायला कुणीच नसलं तर काय होतं याची दोन टोकं सांगते. दोन्ही खरी.

न्यूझीलंडच्या चॅथम बेटांचा काळा रॉबिन. १९८० मध्ये जगात पाच. पिल्लं घालणारी मादी एकच, तिच्या पायातल्या निळ्या कड्यावरून तिला ओल्ड ब्लू म्हणत. तिथले पक्षीरक्षक डॉन मर्टन आणि त्यांच्या माणसांनी तिची अंडी काढून दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात उबवायला ठेवली, म्हणजे ती पुन्हा घालेल. तिने घातली. आज अडीच-तीनशे काळे रॉबिन आहेत, सगळे तिचेच. मिसळण न करता तगले.

पण एक गंमत झाली, गंमत म्हणवत नाही खरं तर. काही माद्या अंडं वाटीत न घालता घरट्याच्या काठावर घालायच्या. असं अंडं वाया जातं. कळवळ्याने माणसं ते उचलून आत ठेवायची. ही खोड वंशातून उतरते हे तेव्हा कुणाला ठाऊक? अंडी वाचली तशी खोडही वाचली आणि १९८९ पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या काठावर घालू लागल्या. मग हात आखडता घेतला, तेव्हा प्रमाण उतरलं. मी हे वाचलं आणि आमच्या आजीची आठवण झाली. ती खुडूक कोंबडीची अंडी सारखी नीट करायची आणि आजोबा म्हणायचे, हिला आळशी तूच केलीस.

दुसरं टोक नॉरफोक बेटाचं घुबड. १९८६ मध्ये एकच मादी उरली. एक! तिच्यासाठी न्यूझीलंडहून जवळच्या नात्याच्या उपजातीचे दोन नर आणले, एकाशी जोडी जमली. आज त्या बेटावर जी थोडीफार घुबडं आहेत ती या जोडीची. शुद्ध नॉरफोक घुबड संपलं म्हणा, किंवा त्याचा अर्धा वाटा अजून रात्री ओरडतोय म्हणा.

---

कावळोबा
मंगळवार, रात्री ९:४८

'शुद्ध' या शब्दाशी माझं भांडण आहे. पण आज नको, उद्या सकाळची पाळी आहे.

---

रात्रपाळी सातपूर
बुधवार, पहाटे ४:१०

घुबडाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मशीन बंद आहे, फोरमन चहाला गेलाय.

आपला रानपिंगळा घ्या. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर नमुना नाही, सगळ्यांनी नामशेष धरला. मध्ये मायनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलने १९१४ चा गुजरातचा एक नमुना दाखवला, तो दुसऱ्याने मारलेला जुना पक्षी चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या चिठ्ठीपायी लोक भलतीकडे शोधत राहिले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली आणि १९९७ मध्ये खऱ्या जागांच्या मागावर येऊन शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या दोघा साथीदारांना तो दिसला. तेव्हा ती जागा आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात होती! २०१८ मध्ये डीएनएवरून कळलं की तो आपल्या साध्या पिंगळ्याच्याच प्रजातीत (जीनस) मोडतो.

आता तो सातपुड्यात आहे, मेळघाटात आहे, २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसालाही मिळाला. सातपुडा आणि तानसा यांच्या मधोमध काय येतं? डांग, सुरगाणा, पेठ, हरसूल. आपलाच सागाचा पट्टा. साग तुटून मध्ये शेतं आली की तानसा म्हणजे चॅम्पियन बेट. समुद्राशिवाय.

मी सुट्टीच्या दिवशी पेठकडे जातो, साध्या पिंगळ्यापलीकडे अजून काही दिसलं नाही. पण दिवसा सागाच्या वाळक्या फांदीवर ठळक उघड्यावर बसलेला, छातीवर ठिपके फारसे नसलेला, शेपटी इकडून तिकडे झटकणारा पिंगळा कुणाला दिसला तर इथे लिहा. नेमकी जागा उघड्यावर लिहू नका, निरोपातून सांगा.

---

नाशिकरोडची टिटवी
बुधवार, सकाळी ८:३०

रात्रपाळी, सुंदर लिहिलंत. आमच्यात एक ठोकताळा आहे: दर पिढीला एखादा जरी पाहुणा बाहेरून येऊन संसार थाटून राहिला तर दोन तुकडे एकमेकांपासून फार दूर वाहवत जात नाहीत. एक पाहुणा, एवढंच. सागाचा पट्टा शाबूत असेल तर तो स्वतः उडून येतो. पट्टा तुटला की त्याला पिंजऱ्यात घालून, विमानात बसवून आणावं लागतं, आणि मग आपण इथे मिसळावं की नाही यावर धागे काढतो.

---

कांदेनवमी
बुधवार, सकाळी १०:०५

ही शेवटची ओळ पटली. सुरगाण्याकडे माझं सासर आहे, रानपिंगळ्याचा फोटो टाका, मेहुण्याला पाठवतो. तो दिवसभर रानातच असतो.

---

गोदाकाठची मावशी
बुधवार, रात्री ९:००

भाच्याला सगळं वाचून दाखवलं. पहिली प्रतिक्रिया: "म्हणजे तू चुकीचं सांगितलं होतंस." हो रे बाबा. शोलाकिलीच्या बाबतीत बरोबर, त्याने विचारलेल्या पक्ष्याच्या बाबतीत चूक.

लगेच पुढचा प्रश्न हजर: दोन बेटांवरचे पक्षी एकत्र सोडले तर एकमेकांची भाषा कळेल का त्यांना?

---

नाशिकरोडची टिटवी
बुधवार, रात्री ९:३५

त्याला माझ्याकडे पाठवा पुढच्या सुट्टीत! शोलाकिलीची गाणी खिंडीच्या दोन बाजूंना खरंच वेगळी आहेत, ध्वनिमुद्रण करून मोजलंय. तिथे मादीने 'हा कुठला परगावचा' म्हणून पाठ फिरवली तरी आश्चर्य नाही. उलट मोटुआरा-ऑलपोर्ट्सच्या माद्यांनी नव्या बेटावर संसार थाटले. त्या बेटांवर येऊन तीन-चार दशकंच झाली होती. नाशिकची मुलगी सोलापूरला दिल्यासारखं, चार दिवस शब्द अडतात, मग काही नाही.

---

द्राक्षबाग
बुधवार, रात्री १०:१५

ताई, शनिवारी भाच्याला घेऊन या. मनोऱ्यावरून उतरलात की घरी. कडधान्याचं पोतं काढून ठेवतो, त्याच्याच हाताने दोन मुठी भरायला लावू आणि दाणे मोजू. तिसऱ्या-चौथ्या मुठीला मसूर संपते का नाही बघाच.

---

मुकाट वाचक
बुधवार, रात्री १०:१८

मोजून झालेल्या मटकीचं पुढे काय करणार आहात? पाव मी आणतो.